खुंटी ठोकलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे विहीर येईल, उसाचे पाट येतील. तसला मी नव्हे. मी ट्रकच्या इंजिनातला पाण्याचा पंप. ओतीव लोखंडाचं अंग, त्यातून आरपार गेलेला एक दांडा, दांड्याच्या एका टोकाला पाती आणि दुसऱ्या टोकाला पट्ट्याची पुली. मोठ्या माणसाच्या दोन ओंजळींत मावेन एवढाच माझा जीव. आता गंजलो आहे, पाती झिजली आहेत, दांडा कुणी हलवला तर किरकिरतो. बिश्केकपासून लांब, उंच डोंगरांतल्या सोंग-कुल सरोवराच्या दक्षिणेला, अक-तालाच्या खोऱ्यात, सागीन नावाच्या माणसाच्या अंगणात मी पडून असतो. इथे माझ्याशी बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे. ऐकायला वेळ नसेल तरी मी सांगणारच. फार दिवस गप्प राहून झालं.

माझा जन्म इथून लांब, उत्तरेकडच्या एका ओतकाम कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, साचा फोडला आणि मी बाहेर आलो. मला घासलं, भोकं पाडली, दोन बेअरिंग बसवली, सील बसवलं. शेवटी डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईने माझ्यात पाणी भरलं आणि माझ्या पोटाखाली बोट लावून बघितलं. "कोरडा आहे," ती म्हणाली आणि मला खोक्यात टाकलं. माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. मला ते अजून कौतुकासारखं वाटतं.

तिने जिथे बोट लावलं तिथे माझ्या अंगाला एक बारीक भोक आहे. ते कशासाठी आहे हे नीट समजून घ्या, कारण माझी सगळी कथा त्या भोकाची आहे. माझ्या पोटात एकीकडे पाणी आणि दुसरीकडे ग्रीस भरलेली बेअरिंग, आणि मध्ये सील. पाण्याने बेअरिंगला शिवायचं नाही. पण सील कधीतरी झिजतंच. ते झिजलं की पाणी बेअरिंगकडे जायच्या आधी या भोकातून खाली टपकतं आणि गाडीवाल्याला कळतं की पंपाकडे बघायला हवं. मला बोलता येत नाही. थेंब पडला की समजायचं, मी बोललो.

कोचकोर गावच्या तेमिरकुलने ट्रक घेतला तेव्हा मी त्यात होतो. डिझेलवर चालणारा, निळ्या तोंडाचा, घाटात धापा टाकणारा ट्रक. माझं काम सोपं होतं आणि कंटाळवाणंही. रेडिएटरमधलं गार पाणी ओढायचं आणि इंजिनाच्या अंगात ढकलायचं, दिवसभर. इंजिनातून पाणी जिथे बाहेर पडतं त्या दारावर माझा शेजारी थर्मोस्टॅट बसलेला असायचा. पितळेचा, बुटका, पोटात मेण. इंजिन गार असलं की तो दार घट्ट लावून घ्यायचा, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून लवकर तापायचं. पुरेसं तापलं की त्याच्या पोटातलं मेण पसरायचं आणि दार उघडायचं. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, मध्ये लोखंडाची भिंत होती. पण त्याने दार उघडलं की माझ्या पात्यांवरचा पाण्याचा जोर बदलायचा. रोज सकाळी आमचा तेवढाच नमस्कार व्हायचा.

ती वर्षं चांगली गेली. घाटात इतरांच्या गाड्या वाफ सोडत कडेला उभ्या असायच्या आणि आम्ही त्यांच्या शेजारून सावकाश वर चढून जायचो. तेमिरकुल खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायचा, "आपल्या गाडीचं पाणी उकळत नाही बाबा." त्यात माझं नाव नसायचं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, रेडिएटरच्या मागे अंधारात बसणाऱ्याचं नाव कोण घेणार? पण मी आपला वाटा समजून घ्यायचो.

दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही बुरुलचाला सोंग-कुलच्या कुरणावर नेऊन सोडायचो. बुरुलचा म्हणजे तेमिरकुलची बायको. मागे लोकरीच्या नमद्याच्या तंबूचे गुंडाळे, लाकडी पट्ट्या, चूल, सतरंज्या, आणि पुढे ती, मांडीवर चहाची केटली धरून. घोड्यांचं दूध काढायचं, ते आंबवायचं, दही सुकवून गोळे करायचे, आणि थंडीच्या तोंडावर सगळं आवरून खाली यायचं, असा तिचा उन्हाळा. आधी मुलगी सोबत असायची. ती लग्न होऊन बिश्केक शहरात गेली. मग शेजारच्या तंबूत एक म्हातारी होती, दिवसभर दोघींच्या गप्पा चालायच्या. मी सांगतो आहे त्या वर्षी म्हातारी वारली आणि तिच्या घरचे कुरणावर आलेच नाहीत. बुरुलचाच्या तंबूपासून दुसरा तंबू नुसता ठिपका दिसावा इतका लांब होता.

तेमिरकुल वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, राबत होता. पण त्याला एक खोड होती. कुणी काही कुरकुर सांगितली की तो म्हणायचा, "काही होत नाही." ब्रेक चरचरला, काही होत नाही. दाढ दुखली, काही होत नाही. मुलगी सासरी रडली, काही होत नाही. एवढं म्हटलं की आपलं काम झालं असं त्याला मनापासून वाटायचं.

त्या उन्हाळ्यात तंबू उभा करून झाल्यावर तो एक दिवस वर राहिला. माझं सील तेव्हा झिजलं होतं आणि मी ठिबकायला लागलो होतो. ते सगळ्यात आधी बुरुलचाने पाहिलं.

"हे काय टपकतंय?" ती गाडीखाली वाकून म्हणाली.

"काही होत नाही. म्हातारी झाली गाडी, लाळ गळते."

"काल वाडगा ठेवला होता खाली. निम्मा भरला."

"तुला दुसरा उद्योग नाही का? गाडीखाली वाडगे ठेवत बसलीस ते."

"नाहीच आहे," ती म्हणाली. "इथे घोड्या आणि मी. बोलायचं तर त्यांच्याशीच." मग उठून हात झटकत म्हणाली, "हे बघा, या वेळी मला इथे एकटीला भीती वाटते. महिन्यातून एकदा तरी वर या. आणि पहिला बर्फ पडायच्या आत न्यायला या. नाही आलात तर माहेरी सागीनला निरोप धाडीन आणि पलीकडच्या अंगाने तिकडेच उतरेन. मग कोचकोरला यायची नाही मी. भांडण काढत नाहीये, आत्ताच सांगून ठेवते."

"काही होत नाही गं. येतो म्हटलं ना."

मग त्याने काय केलं सांगतो. चुलीपाशी अर्चाच्या झाडाची लाकडं पडली होती. त्यातली एक ढलपी त्याने चाकूने तासली, टोक केलं, त्याला दोरा गुंडाळला, दोऱ्यावर साबण घासला आणि गाडीखाली शिरून ती खुंटी माझ्या भोकात हातोडीने ठोकली. आमच्याकडे बरेच गाडीवाले असं करतात. ठिबक थांबली की दुखणं बरं झालं असा त्यांचा हिशेब. तो बाहेर आला, खाली बघितलं. जमीन कोरडी होती.

"झालं," तो म्हणाला.

बुरुलचा चुलीजवळ उभी होती. "असंच गप्प करता तुम्ही सगळ्यांना," ती म्हणाली आणि आत गेली. तेमिरकुल हसला. त्याला ती थट्टा वाटली.

त्या दिवसापासून मी मुका झालो, मित्रांनो. पाणी बाहेर पडायला वाट नाही म्हणून ते बेअरिंगकडे सरकायला लागलं. ग्रीस हळूहळू धुऊन गेलं. मला कळत होतं काय होतंय ते, आणि सांगायची सोय राहिली नव्हती. तुम्हाला कधी ताप चढलाय आणि घरात कुणी नाही असं झालं असेल, तर माझी अवस्था समजेल.

पुढे कारा-केचेच्या खाणीवर कोळशाच्या खेपा सुरू झाल्या. भरलेला ट्रक चढाला लागला की इंजिन तापायचं. पाणी थोडंथोडं कमी होत होतं आणि माझा दांडा सैल झाला होता, हे त्याचं कारण. पण माझ्याकडे कुणाचं लक्ष जाणार? भोक तर कोरडं. खाणीवर रांगेत उभे असताना ओसकोन नावाच्या दुसऱ्या गाडीवाल्याने आमच्या इंजिनात डोकं घातलं.

"थर्मोस्टॅट ठेवलायस अजून?" तो म्हणाला. "अरे, नळात बोळा कोंबायचा आणि पाणी येत नाही म्हणून बोंबलायचं. काढून फेक. इथे कुणाच्या गाडीत आहे सांग."

खरंच कुणाच्या गाडीत नव्हता. चहाच्या तंबूबाहेर तारेला काढलेले थर्मोस्टॅट ओळीने टांगले होते. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटायचे आणि कावळे उडून जायचे. चहावालीने तेवढ्यासाठीच ते मागून घेतले होते. तेमिरकुलने माझ्या शेजाऱ्याला काढलं, पण तारेला दिलं नाही. "कधी लागला तर," असं म्हणून सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत टाकला. पाने आणि हातोडी त्याच्यावर पडल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतर सकाळचा नमस्कार बंद झाला. दार नसलेल्या घरात वारा यावा तसं पाणी येत-जात राहिलं, कधी अडलं नाही आणि कधी नीट तापलंही नाही. गार सकाळी इंजिन पांढरा धूर काढत कुडकुडायचं आणि तेमिरकुल कोट घालून गाडी चालवायचा. चढावर मात्र पुन्हा तापमानाचा काटा वर जायचा, कारण दुखणं माझ्यात होतं. मी फिरत राहिलो, कारण पट्टा फिरवत होता. एका गाडीत, एका इंजिनात असूनही इतकं एकटं वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं.

कुरणाकडे वळायचा फाटा आमच्या वाटेवरच होता. दर खेपेला तेमिरकुल तिथे गाडी हळू करायचा, वर बघायचा आणि म्हणायचा, "पुढच्या खेपेला." थंडीआधी सगळ्यांना कोळसा हवा होता आणि खेपा संपत नव्हत्या. वर फोन लागत नाही, त्यामुळे खुशालीही कळत नव्हती. असा अख्खा उन्हाळा गेला. तो एकदाही वर गेला नाही.

एका सकाळी डोंगरामागून राखाडी ढग आले आणि वारा एकदम बोचरा झाला. बाजारात लोक म्हणायला लागले की वर आज-उद्या बर्फ पडणार. तेमिरकुल तसाच उठला, अर्धा चहा टाकून, आणि रिकामी गाडी घेऊन घाटाला लागला. तेव्हा माझं बेअरिंग इतकं वाजत होतं की कुत्र्याच्या रडण्यासारखा आवाज येत होता. तेमिरकुलला तो ऐकू आला. त्याने रेडिओ मोठा केला.

चढ संपायला थोडं उरलं होतं. माझा दांडा तिरका झाला, पाती आतल्या भिंतीवर घासली, पुली वाकडी होऊन पट्टा निसटला आणि क्षणात गाडीच्या तोंडातून वाफ उसळली. त्याने गाडी कडेला घेतली. रेडिओवर कुणीतरी गातच होतं. तो उतरला, झाकण उघडून बघितलं, आणि प्रथमच त्याच्या तोंडून "काही होत नाही" निघालं नाही.

त्याने पाणी सोडून दिलं, नाहीतर गोठून इंजिन फुटलं असतं. तेवढं त्याला कळत होतं. मग खाली उतरणाऱ्या एका जीपमध्ये बसून तो कोचकोरला गेला. मी तिथेच राहिलो. संध्याकाळपासून बर्फ पडायला लागला. पहिला बर्फ. पडताना त्याचा आवाजसुद्धा होत नाही.

दुसऱ्या सकाळी तेमिरकुल अब्दिल्दाला घेऊन आला. अब्दिल्दा कोचकोरच्या बाजारामागचा मेकॅनिक, वयाने मोठा, म्हणून तेमिरकुल त्याला बाइके म्हणायचा. त्याने सतरंजी अंथरली, गाडीच्या तोंडात कंबरेपर्यंत शिरला आणि पंखा काढला, पाइप काढले, मग माझे बोल्ट. एक बोल्ट गंजून बसला होता, त्याच्याशी बराच वेळ शिवीगाळ चालली. शेवटी मी सुटलो. इतक्या वर्षांनी उजेडात आलो. सगळीकडे पांढरं होतं.

अब्दिल्दाने मला हातात फिरवलं आणि अंगठ्याने पोटाखाली चाचपलं. "ही खुंटी कुणाची?"

"माझीच. गळत होतं."

"गळणारच. ते भोक गळायलाच ठेवलेलं असतं. पंप तुला आधी सांगतो, बाबा, माझं सील गेलं, बघ जरा. तू त्याच्या तोंडात लाकूड कोंबलंस. मग पाणी शिरलं बेअरिंगमध्ये. आता हे बघ." त्याने माझा दांडा हलवला. पडायला आलेल्या दातासारखा तो हलला. "आणि थर्मोस्टॅट कुठे आहे?"

"काढला. सगळेच काढतात."

"सगळे शेण खायला बसले म्हणून तूही पंगतीला बसलास."

तेमिरकुलने माझ्या भोकातली खुंटी उपटून काढली. त्याच्या हातात ती अर्चाची ढलपी होती. साबणाचा दोरा अजून तिला चिकटलेला होता. तो तिच्याकडे बघत राहिला, मग वर सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्याकडे.

"बाइके, लवकर होईल?"

"घाई होती तर उन्हाळ्यातच यायचं होतं," अब्दिल्दा म्हणाला. "पाना दे."

त्याने चाकूच्या पात्याने खरवडून माझी जागा साफ केली. जुन्या पॅकिंगचे तुकडे बर्फावर पडले. मग खोक्यातून नवा पंप काढला. अंगावर तेलाचा हात, पुली चकचकीत, दांडा बोटाने फिरवला तरी आवाज नाही. तो माझ्या जागी असा बसला की जणू मी तिथे कधी नव्हतोच. मी सतरंजीच्या कडेला पडून बघत होतो. त्याच्याबद्दल मला राग आला नाही. पण आता मला पट्टा फिरवणार नाही, पाणी माझ्यातून जाणार नाही, हे कळलं तेव्हा मला फार रिकामं वाटलं.

थर्मोस्टॅटची वेळ आली. अब्दिल्दाने स्टोव्हवर चहाची केटली ठेवली, आणि पेटीतून माझ्या शेजाऱ्याला काढून उकळत्या पाण्यात सोडलं. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हातोडीखाली राहून त्याची कड वाकली होती. दोघे केटलीत बघत थांबले. पाणी खळखळलं, पण दार उघडलं नाही. मग अब्दिल्दाने नवा थर्मोस्टॅट सोडला. थोड्याच वेळात त्याने टक्क करून दार उघडलं. "हा घाल," अब्दिल्दा म्हणाला. त्याच केटलीत नंतर चहा झाला आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही. माझ्या शेजाऱ्याला पितळ म्हणून अब्दिल्दाने कोटाच्या खिशात टाकलं. तो खिसा अब्दिल्दाच्या गाडीतून खाली कोचकोरला गेला. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं ते तेवढंच.

जाताना अब्दिल्दा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याला फेकू नकोस. अंग ठणठणीत आहे. दोन बेअरिंग आणि एक सील टाकलं की पुन्हा चालेल."

तेमिरकुलने मला गोणपाटात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलं, जिथे बुरुलचा केटली धरून बसायची. गाडी सुरू झाली. काटा वर आला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. हीटरमधून ऊब आली. तेमिरकुलने रेडिओ लावला नाही.

दुपार कलताना आम्ही कुरणावर पोचलो. सरोवर काळं दिसत होतं आणि बाकी सगळं पांढरं. तंबू नव्हता. तंबूच्या जागी जमिनीवर एक मोठा गोल होता, कोरडा, पिवळ्या गवताचा, आणि त्यात बर्फाचा कण नव्हता. तेमिरकुल उतरून त्या गोलाच्या कडेला उभा राहिला. त्याला समजायला वेळ लागला नाही. रात्रभर बर्फ पडत होता तेव्हा तंबू उभाच होता. म्हणजे पहिला बर्फ पडल्यावरही ती थांबली होती. सकाळपर्यंत वाट बघून मग उठली होती. चुलीच्या जागेची राख अजून कोमट होती. चाकांच्या खुणा दक्षिणेकडे गेल्या होत्या, सागीनच्या गावाकडे.

आमच्याकडे मयताच्या घरी जाताना पुरुष लांबूनच मोठ्याने रडत येतात. तशी रीत आहे, आणि जो रडत नाही त्याला लोक नावं ठेवतात. तेमिरकुलचा त्या कामातला आवाज खणखणीत होता, गावात त्याचं कौतुक व्हायचं. इथे कुणी मेलं नव्हतं, त्यामुळे रडायला रीत नव्हती आणि ऐकायला माणूस नव्हता. तो त्या गोलात मधोमध खाली बसला.  मग त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब गवतावर पडला, मग दुसरा. त्याने पुसले नाहीत. गोणपाट सैल झालं होतं, त्याच्या फटीतून मी काचेबाहेर बघत होतो. मला ते थेंब ओळखीचे वाटले.

चाकांच्या खुणा धरून आम्ही पलीकडचा घाट उतरलो. सागीन तिचा धाकटा भाऊ. बहिणीचा नवरा म्हणून तो तेमिरकुलला जेझदे म्हणायचा. फाटकाशी तो आडवा उभा राहिला.

"आलात जेझदे? लवकरच आलात."

"सागीन, आत येऊ दे," बुरुलचा आतून म्हणाली. "चहा न घेता कुणाला परत धाडत नाहीत."

तिने चहा ओतला, भाकरी मोडून पुढे ठेवली, आणि लांब बसली. तेमिरकुलने मला गोणपाटातून काढून उंबऱ्याजवळ ठेवलं आणि खिशातून ती खुंटी काढली. भोक कशासाठी असतं, पाणी कुठे गेलं, बेअरिंग कसं गेलं, सगळं सांगितलं. इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. बुरुलचाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पंपाचं कळलं तुम्हाला," ती म्हणाली. "माझं काय? ऑगस्टात मी तापाने पडून होते. उठून पाणी आणायला त्राण नव्हतं. घोड्या दूध काढायच्या राहिल्या म्हणून दारात येऊन ओरडत होत्या, आणि मी आत झोपून ऐकत होते. मेले असते तर घोड्यांनाच कळलं असतं."

"काही हो..." तेमिरकुल म्हणाला, आणि तिथेच थांबला. त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

बुरुलचाने ते बघितलं. पण ती म्हणाली, "मी येत नाही. सांगितलं होतं तुम्हाला."

तो एकटाच परत गेला. मला न्यायचं त्याला सुचलं नाही. त्या घराचं दार वाऱ्याने उघडायचं म्हणून बुरुलचाने मला सरकवून दाराला टेकवून ठेवलं. अख्खी थंडी मी तिथे काढली. ती चुलीपाशी लोकर विंचरत बसायची, मी दारापाशी. आमच्यात बोलणं नव्हतं. पण संध्याकाळी झाडताना ती माझ्यावरची धूळही फडक्याने पुसायची, आणि एकदा तिने बोट माझ्या पोटाखाली नेऊन ते भोक चाचपलं. तेवढ्यावर मी पुष्कळ दिवस काढले.

कोळशाच्या निमित्ताने तेमिरकुल मधूनमधून यायचा. लांबच्या वाटेने, वळसा घालून. लांबूनच मला नव्या पंपाचा आवाज कळायचा. तो आत यायचा, चहाला हात लावायच्या आधी विचारायचा, "कसं चाललंय?" सुरुवातीला बुरुलचा म्हणायची, "बरं." तो बसून राहायचा. एकदा ती म्हणाली, "गुडघा दुखतो." तो म्हणाला, "कधीपासून?" तिने मान वर करून बघितलं. पुढच्या खेपेला तिने सांगितलं की मेलेल्या म्हातारीची तिला फार आठवण येते. तो म्हणाला, "मग?" आणि ती सांगत गेली. म्हातारी कशी हसायची, चहात मीठ किती घालायची, एकदा दोघी मिळून लांडग्यावर कशा ओरडल्या. तेमिरकुलचा चहा गार झाला. मध्येच त्याला काहीतरी म्हणायचं असायचं ते त्याच्या ओठांवर दिसायचं, पण तो गिळायचा आणि फक्त "मग?" म्हणायचा. पंप, घाट, खाण यातलं काहीही तो बोलला नाही.

बर्फ वितळून अंगणात चिखल झाला तेव्हा तो पुन्हा आला. नेहमीसारखं बसून झालं आणि तो जायला उठला. बुरुलचाही उठली. भिंतीकडे गेली, घडी घातलेल्या सतरंज्यांवर हात ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "सागीन, हे बोचकं गाडीत टाक."

सागीनने दोघांकडे बघितलं आणि बोचकं उचललं. मग केटली गेली, लोकरीची पोती गेली, कुरणावरची चूल गेली. घाईत दार उघडं धरायला कुणीतरी मला पायाने बाजूला सारलं. मला वाटलं, आता माझी पाळी. कोचकोरला अब्दिल्दा आहे. दोन बेअरिंग आणि एक सील. मी तयारच होतो.

दोघं गाडीत बसली. दारं लागली. इंजिन सुरू झालं, आणि मग पुन्हा बंद झालं. तेमिरकुल उतरून धावत आला. तो सरळ माझ्याकडे येत होता आणि हसत होता. मी त्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. तो वाकला, माझ्या शेजारी पडलेले बुरुलचाचे रबरी बूट उचलले आणि परत गेला.

गाडी निघाली. वळणापर्यंत मी नव्या पंपाचा आवाज ऐकला. स्वच्छ आवाज होता, काही दुखत नव्हतं त्याचं. नंतर ऐकू येईनासा झाला.

मित्रांनो, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आनंदात असलेल्या माणसांना सामान मोजायचं भान राहत नाही. तुम्हाला मात्र एवढं सांगतो. तुमच्या घरात, गाडीत, शेजारी कुणी ठिबकायला लागलं तर लगेच बूच शोधायला धावू नका. खाली वाडगा ठेवा, वाकून बघा, विचारा. आणि अडगळीत माझ्यासारखं कुणी पडलं असेल तर भंगारात द्यायच्या आधी एकदा हातात घेऊन बघा. कधीकधी थोडक्यात भागतं.

सागीनने मला आता अंगणात गवताच्या गंजीवर ठेवलं आहे, ताडपत्री उडू नये म्हणून. वारा सुटला की मी कामाला लागतो, अंगातलं सगळं वजन लावून ती धरून ठेवतो. वारा नसतो तेव्हा दिवस फार मोठा वाटतो.